चिलीमबंदी आणि मायाक्काचा श्वास

फार जुन्या काळी डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. ते नेमकं कुठे होतं हे आता कुणी सांगत नाही. पण तिथे काय घडलं ते मात्र आवर्जून सांगतात. लहानांनी ऐकावी अशी ही गोष्ट आहे, आणि मोठ्यांनी तर जरा पुढे सरकून बसून ऐकावी.

त्या राज्यातली माणसं घोंगड्या विणत. डोंगरावर मेंढरं चरत, बायका लोकर कातत आणि पुरुष मागावर बसत. थंडी अशी कडक, की घरात एकट्याने बसून विणायचं म्हटलं तर बोटं आखडून जात. म्हणून गावाने मिळून एक मोठं मागघर बांधलं होतं. जाड भिंती, ठेंगणं छप्पर, आणि वारा आत शिरू नये म्हणून वीतभर खिडक्या. सगळे माग तिथे ओळीने मांडलेले. एकीकडे पुरुष विणत, दुसरीकडे बायका कातत, आणि तान्ही मुलं लोकरीच्या ढिगाऱ्यावर झोपत.

खोऱ्यात तंबाखू चांगली पिके. त्यामुळे मागघरात चिलीम एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असे. पाहुणा आला की आधी चिलीम, मग पाणी. तरण्या पोराला मागावर बसवलं की त्याच्या हाती पहिली चिलीम देत आणि म्हणत, "आता तू मोठा झालास." कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

या मागघरात धुळाप्पा नावाचा विणकर होता. त्याच्या हातची घोंगडी पावसात पांघरली तरी आत थेंब शिरत नसे, म्हणून दूरदूरचे मेंढपाळ त्याच्याकडे येत. त्याची बायको मायाक्का त्याच्याच मागाशेजारी चाती, म्हणजे लोकर कातायची टकळी, घेऊन बसे. कातताना ती गायची. तिचं गाणं सुरू झालं की बाकीच्या बायकांची बोटंही त्याच लयीत चालत, आणि संध्याकाळ कधी झाली ते कळत नसे.

एका थंडीत मायाक्काला खोकला लागला. तो थंडीबरोबर गेला नाही. पुढच्या थंडीत वाढला. तिने आपली बसायची जागा दाराजवळ नेली. तरी गाणं म्हणता म्हणता तिला मध्येच थांबावं लागे, आणि मग बाकीच्या बायका पुढची ओळ म्हणून तिला सांभाळून घेत.

"यंदा लोकर फार उडतेय," धुळाप्पा म्हणाला.

"लोकर माझ्या लहानपणापासून उडतेय," मायाक्का म्हणाली. "तुम्ही धूर जरा पलीकडे सोडा."

धुळाप्पा वाईट माणूस नव्हता. त्या दिवसापासून तो तोंड पलीकडे फिरवून धूर सोडू लागला. पण पलीकडे दुसऱ्याचा माग होता, आणि त्या विणकराने तोंड अलीकडे फिरवलं होतं. खोली एकच होती. धूर कुणीकडे जाणार?

त्या राज्याचा राजा तरुण होता. नुकताच गादीवर आलेला. त्याच्या वडिलांना हुक्क्याची फार आवड होती, आणि शेवटी शेवटी ते दोन पायऱ्या चढले तरी भिंतीला धरून उभे राहत. ते गेले तेव्हा मुलगा उशाशी बसलेला होता. वडिलांची ती धाप त्याच्या कानातून जात नव्हती.

राज्यात एक म्हातारा राजवैद्य होता. तो रोज सगळ्या वस्त्यांतून फिरे. एके दिवशी तो राजाला म्हणाला, "महाराज, विणकरांच्या आळीत खोकला फार वाढलाय. चिलीम ओढणारे खोकतात, त्याचं मला नवल नाही. पण ज्या बायकांनी आणि मुलांनी चिलमीला हातही लावलेला नाही, तीही खोकतायत. धुरात बसून बसून त्यांच्या छात्या खराब झाल्यात."

राजाचा चेहरा उतरला. "म्हणजे ओढणार एक आणि भोगणार दुसराच."

"तसंच म्हणा."

"उद्यापासून माझ्या राज्यात चिलीम पेटणार नाही," राजा म्हणाला. "घरात नाही, दारात नाही, शेतात नाही. कुठेच नाही. जो ओढेल त्याला चौकात चाबकाचे फटके."

वैद्याने झोळी खाली ठेवली. मग म्हणाला, "महाराज, रोग तुम्ही बरोबर ओळखलात. पण औषध किती द्यायचं, तेही पाहावं लागतं. ही सवय वर्षानुवर्षांची आहे. दवंडी ऐकून ती अंगातून निघून जात नाही."

पण राजाच्या डोळ्यांपुढे वडील होते. त्याने ऐकलं नाही.

दवंडी पिटली गेली. शिपाई आळीआळीत फिरू लागले आणि लोकांच्या हातांचा वास घेऊ लागले. मागघरातल्या चिलमी गोळा करून फोडल्या गेल्या.

आता जे खरं ते सांगितलंच पाहिजे. त्या बंदीने मागघराचं भलं झालं. थोड्याच दिवसांत तिथली हवा निवळली. छपराच्या वाशांवरचा काळा थर बायकांनी खरवडून काढला. पोरांची खोकून खोकून होणारी रडारड कमी झाली. आणि एके दिवशी मायाक्काने एक अख्खं गाणं, मध्ये न थांबता, शेवटपर्यंत म्हटलं. बायकांनी चात्या खाली ठेवल्या आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. "राजाचं भलं होवो," एक म्हातारी म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

पण घरांत वेगळंच चाललं होतं.

ज्यांना सवय होती त्यांचे हात कापू लागले. धागे तुटू लागले. माणसं बायकापोरांवर खेकसू लागली. ज्यांना राहवलं नाही त्यांनी घरांची दारं लावून घेतली, फटींमध्ये चिंध्या कोंबल्या आणि आत बसून चिलीम ओढायला सुरुवात केली. पूर्वी धूर मोठ्या मागघरात पसरायचा. आता तो झोपायच्या लहान खोलीत कोंडला जाऊ लागला.

कामाण्णा नावाचा एक वयस्कर विणकर होता, तोंडाचा फटकळ. त्याच्या भावाला कुणीतरी चुगली करून पकडून दिलं. चौकात फटके बसले. चुगली कुणी केली ते कळलं नाही, म्हणून कामाण्णाने सगळ्याच शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. हळूहळू आळीत कुणी कुणाच्या घरी जाईनासं झालं. कुणी आलंच तर दार अर्धंच उघडायचं, आणि उंबऱ्यावर उभं राहूनच बोलायचं.

धुळाप्पाही घरात लपून ओढू लागला.

"बाहेर रानात जाऊन ओढा की," मायाक्का म्हणायची.

"रानात शिपाई आहेत."

"मग ओढू नका."

 बायको म्हणते ते खरं आहे हे धुळाप्पाला कळत होतं. पण हात पुन्हा चिलमीकडे जायचा, आणि त्याचीच त्याला लाज वाटायची. लाज वाटली की तो आणखी घट्ट दार लावायचा. मायाक्काचा खोकला परत आला, आणि आता तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

बाजाराचा दिवस होता. दुपारची वेळ. धुळाप्पा दार लावून, फटी बुजवून बसला होता. मायाक्का कोपऱ्यात कातत होती. कातता कातता तिचा हात थांबला. तिने श्वास घ्यायला तोंड उघडलं, पण श्वास आत जाईना. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिने जमिनीवर दोन्ही हात टेकले. ओठ निळसर पडू लागले.

धुळाप्पाने चिलीम टाकली आणि तिची पाठ चोळली. पाणी तोंडाशी धरलं, ते तिला पिता येईना. वैद्याचं घर आळीच्या टोकालाच होतं. तो उठला, दाराशी गेला, कडीला हात लावला आणि तिथेच थांबला.

घरभर धूर होता. दार उघडलं की वास बाहेर जाणार. बाजारचा दिवस, आळीच्या तोंडाशी शिपाई उभे. चौक जवळच.

तो मागे आला. पंचा घेऊन धूर हाकलू लागला. पण सगळ्या फटी त्यानेच बुजवल्या होत्या, धूर जाणार कुठून? त्याने चिलीम लोकरीखाली दडपली. चूळ भरली. राखेने हात घासले. हे सगळं करताना त्याची नजर मायाक्काकडे गेली. ती त्याच्याकडेच पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता. तो काय करतोय आणि का करतोय, ते तिला समजलं होतं. एवढंच.

ती नजर धुळाप्पाला सहन झाली नाही. त्याने चिंध्या उपसून काढल्या आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

"कुणीतरी वैद्यबुवांना बोलवा," तो ओरडला. "माझी बायको जातेय."

लोक बाहेर आले. धुराचा लोट पाहून जागीच थबकले. शिपाई धावत आला आणि त्याने धुळाप्पाचं मनगट धरलं.

"होय, मीच ओढली," धुळाप्पा म्हणाला. "चौकात न्या, हवे तेवढे फटके मारा. पण आधी वैद्यबुवांना आणा."

शिपाई गोंधळला. पण कामाण्णा पुढे आला. ज्याने कित्येक दिवस कुणाशी शब्द काढला नव्हता तो म्हातारा शिपायाला म्हणाला, "त्याचा हात सोड. तो कुठे पळून जात नाही. मी वैद्याला आणतो."

त्या दिवशी राजाही बाजार पाहायला आला होता. गडबड ऐकून तो वैद्याच्या पाठोपाठ आळीत आला.

वैद्याने सगळ्यांना बाजूला केलं. मायाक्काला उचलून उघड्या अंगणात आणायला लावलं, पुढे वाकवून बसवलं, आणि अडुळशाचा गरम काढा थेंब थेंब करून पाजला. "घाबरू नकोस, बाई. लहान लहान श्वास घे," तो म्हणत राहिला. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तिच्या छातीतली शिट्टी मंद झाली. ओठांवर रंग आला. तिने डोळे मिटले आणि कामाण्णाच्या बायकोच्या खांद्यावर डोकं टेकलं.

इकडे राजा घरात शिरला होता. आतल्या धुराने त्याचे डोळे चुरचुरले. त्याने दाराशी पडलेल्या चिंध्या पाहिल्या. एक उचलून तो बराच वेळ हातात धरून उभा होता. बाहेर येऊन त्याने धुळाप्पाला विचारलं, "वैद्य एवढा जवळ राहतो. ओठ निळे पडेपर्यंत बोलवायला उशीर का केलात?"

"भ्यालो, महाराज."

"वैद्याला?"

"नाही. तुम्हाला."

 राजा अंगणाच्या कट्ट्यावर बसला. शिपायाने विचारलं, "महाराज, याला चौकात न्यायचं का?" राजाने मान हलवून नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला, शिपाई न घेता. मायाक्का भिंतीला टेकून उन्हात बसली होती. ती उठू लागली तेव्हा त्याने तिला हाताने थांबवलं.

"मायाक्का, माझ्या हुकमाने तुमचा जीव जाणार होता," तो म्हणाला. "मी तो मागे घेतो. ज्याला जे करायचं ते करू द्या."

मायाक्काचा आवाज घोगरा झाला होता. ती सावकाश बोलली. "बंदी उठवू नका, महाराज. मागघरातला धूर गेला आणि मी पुन्हा गायले, हे उपकार मी विसरणार नाही. आमच्या पोरांचा खोकला थांबला, तो तुमच्यामुळेच. तेवढं तुम्ही केलं नसतं तर आमच्यातल्या कुणाच्याही हातून झालं नसतं. बंदी असू द्या, फक्त चाबूक काढून टाका. माझा माणूस काल कडीला हात लावून उभा राहिला होता. ते मी पाहिलं. तसं उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये."

राजाने मोठी सभा बोलावली. सगळी वस्ती आली.

कामाण्णा उठला. "महाराज, छाती माझी, चिलीम माझी. मेलो तर मीच मरेन. त्यात राज्याचं काय जातं?"

त्याची सूनच मागून उभी राहिली. तिच्या कडेवर मूल होतं. "मामंजी, छाती तुमची खरी. पण तुम्ही सोडलेला धूर माझ्या बाळाच्या छातीत जातो. त्याला कुणी विचारलं?"

कामाण्णा खाली बसला. मग एक तंबाखू पिकवणारा म्हणाला, "आमच्या शेतांचं काय? आम्ही काय खायचं?" आणि त्याचंही म्हणणं खोटं नव्हतं.

राजाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. या वेळी त्याने घाई केली नाही. मग तो म्हणाला, "ज्या छपराखाली दुसरं माणूस श्वास घेतं, तिथे चिलीम पेटणार नाही. मागघरात नाही, घरात नाही, धर्मशाळेत नाही, बाजारात नाही. ही बंदी कायम राहील आणि ती मी शिथिल करणार नाही. ज्याला राहवतच नाही त्याने वरच्या उघड्या माळावर जाऊन ओढावी. लहान पोराच्या हाती चिलीम देणं आजपासून बंद. जो नियम मोडेल त्याने मागघर झाडावं, चाबूक मात्र कुणाला बसणार नाही. तंबाखूच्या शेतांत ज्वारी-करडई लावायला बी आणि पहिल्या वर्षीचं धान्य माझ्या कोठारातून मिळेल. आणि वैद्याच्या दारी जो जाईल, त्याच्या हाताला कसला वास येतो हे कुणीही विचारणार नाही."

वैद्य पुढे येऊन म्हणाला, "ज्याला सोडायची असेल त्याने माझ्याकडे यावं. मी रागावणार नाही. परत परत यावं लागलं तरीही."

धुळाप्पा पहिल्याच दिवशी गेला. वैद्याने त्याला चघळायला बडीशेप दिली, काढे दिले आणि सांगितलं, "फार ओढावंसं वाटलं की कुणाशी तरी बोलायला जा." पण त्याला सोडणं सोपं गेलं नाही. काही दिवस निभायचं, मग एखाद्या संध्याकाळी पाय माळाकडे वळायचे. एकदा तो माळावरून खाली आला तेव्हा घरात जायची त्याला लाज वाटली. तो अंगणातच बसून राहिला. मायाक्काने बाहेर भाकरी आणून दिली आणि त्याच्याशेजारी बसली.

"पुन्हा ओढली," तो म्हणाला.

"वासावरून कळलं. उद्या नका ओढू."

एवढंच ती म्हणाली. ना टोमणा, ना रडणं. पुढे धुळाप्पा अनेकांना सांगायचा, की त्या दोन वाक्यांनी त्याला जेवढं बळ दिलं तेवढं कशाने दिलं नाही. शेजारीही मदतीला आले. संध्याकाळी कुणी ना कुणी त्याच्या दारात येऊन बसे, घोंगड्यांच्या आणि मेंढरांच्या गप्पा मारी, आणि माळावर जायची वेळ टळून जाई. दारं पुन्हा पूर्ण उघडी राहू लागली. असं करत करत धुळाप्पाची चिलीम सुटली.

कामाण्णाची सुटली नाही. तो काठी टेकत माळावर जायचा, थंड वाऱ्यात बसून ओढायचा, आणि घरात येण्याआधी अंगावरची घोंगडी बाहेर झटकायचा. कुणी त्याला हिणवलं नाही. शेवटी छातीच्याच दुखण्याने तो अंथरुणाला खिळला. राजा त्याला भेटायला गेला, तेव्हा तो म्हणाला, "महाराज, मी सभेत तुमच्याशी भांडलो होतो. माझी चिलीम काही माझ्याच्याने सुटली नाही. पण थोरला नातू मागावर बसला तेव्हा त्याच्या हाती कुणी चिलीम दिली नाही. तो डोंगर धावत चढतो. त्याबद्दल हात जोडून तुमचे आभार मानतो."

राजाने त्याचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. "माझ्या वडिलांनाही असंच कुणी वेळेवर अडवायला हवं होतं," तो म्हणाला.

वर्षं गेली. राजाच्या केसांत पांढरे दिसू लागले. मागघराच्या खिडक्या लोकांनी मोठ्या करून घेतल्या. मायाक्काचा आवाज पहिल्यासारखा कधी झाला नाही, वरचा सूर तिला लागत नसे. पण खालच्या सुरात ती गायची, आणि वरच्या ओळी आळीतल्या मुली म्हणायच्या.

एकदा धुळाप्पा आणि मायाक्का राजाला भेटायला गेले. हातात काही नजराणा नव्हता. धुळाप्पाने राजाला नमस्कार केला आणि म्हणाला, "महाराज, तुम्ही बंदी केलीत तेव्हा मनातल्या मनात मी तुम्हाला शिव्या दिल्या होत्या. आज माझी बायको माझ्याबरोबर तुमचा गड चढून आली. वाटेत एकदाही बसली नाही. हे तुम्हाला सांगावं म्हणून आलो. दुसरं काही काम नाही."

राजा खाली उतरून त्यांच्याजवळ आला. "आभार मी तुमचे मानायला हवेत," तो म्हणाला. "शिक्षा ठाऊक असूनही तुम्ही दार उघडलंत. नाहीतर आत काय चाललंय ते मला कळलंच नसतं. आणि मायाक्का, तुम्ही मला रागाने हाकलून दिलं असतंत तर मी तो हुकूम मोडीत काढून मोकळा झालो असतो, आणि मागघरात पुन्हा धूर भरला असता."

मायाक्का हसली. "पाणी द्या महाराज, चढून आलोय," ती म्हणाली. राजाने स्वतः पाणी आणून दिलं. तिघे सज्जात बसले. खाली खोऱ्यात तंबाखूच्या जागी करडई फुलली होती, आणि मागघराकडून मुलींच्या गाण्याचा आवाज वर येत होता.

सांगायचं ते एवढंच: सगळ्यांच्या हवेत धूर सोडायचा हक्क कुणालाच नाही, म्हणून त्याला बंदी हवीच, पण ती बंदी अशी असावी, की चुकलेल्या माणसालाही मदतीसाठी दार उघडायला भीती वाटू नये.